लहान हातांसाठी नाताळगीतं

स्मरणिकेच्या संपादकांनी ‘तुझ्या विषयावर लिही’ असं सांगितलं. माझा विषय पियानो शिकवणं. त्याची सुरुवात झाली आपल्या हॉलमधल्या त्या जुन्या पियानोपाशी. पावसाळ्यात त्याच्या दोन-तीन पट्ट्या दाबल्या की वरच यायच्या नाहीत, आठवतंय ना?

आठवीत असताना नाताळच्या कार्यक्रमात दोघींनी पियानो वाजवायचं ठरलं. दुसरीला छापील पुस्तकातलं गाणं मिळालं. मला म्युझिकच्या मिसनी ‘सायलेंट नाइट’ स्वतः पेन्सिलने लिहून दिलं. माझा पंजा तेव्हा सप्तकभर पसरत नव्हता, म्हणून त्यांनी डावा हात हलका केला होता. मला वाटलं, मला सोपं देऊन वाटेला लावलं. कार्यक्रम झाल्यावर तो कागद मी चुरगाळून टाकला.

आज माझ्याकडे चौथ्या-पाचव्या ग्रेडची मुलं येतात आणि दर नोव्हेंबरात मी त्यांच्यासाठी हीच गाणी लिहायला बसते. तेव्हा या गाण्यांचा इतिहास वाचत गेले आणि माझी चूक हळूहळू उमगली.

‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा गायलं गेलं ते २४ डिसेंबर १८१८ रोजी, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी. शब्द योझेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, त्याने ते १८१६ मध्ये लिहिले होते. चाल फ्रान्झ गृबरची. हा गृबर शेजारच्या आर्न्सडॉर्फचा शाळामास्तर! त्या रात्री साथीला होती फक्त गिटार. पुढे गृबरनेच वेगवेगळ्या वाद्यांसाठी या गाण्याच्या मांडण्या लिहिल्या. म्हणजे ‘खरं’ गाणं एक आणि बाकीची सोपी, असं काही नाहीच. जमलेल्या माणसांकडे जे वाद्य आणि जे हात असतील, त्यांच्यासाठी ते पुन्हा लिहिलं जातं.

फ्रान्झ लिस्टसारख्या दिग्गजानेही जुनी नाताळगीतं घेऊन ‘ख्रिसमस ट्री’ ही पियानोची माला रचली आणि ती नात डॅनिएला हिला अर्पण केली. पण मला खरा धडा मिळाला बेला बार्टोककडून. ट्रान्सिल्व्हेनियातल्या खेड्यांमध्ये नाताळात घरोघरी फिरून गायली जाणारी ‘कोलिंदे’ ही गाणी त्याने गोळा केली आणि १९१५ मध्ये त्यातली २० पियानोसाठी मांडली, दहा-दहाच्या दोन संचांत. त्यांत सप्तकाचा ताण कुठेच नाही, लहान हातांना ती वाजवता येतात. मात्र ताल जागोजागी बदलतो, तो त्याने सरळ करून टाकला नाही. बोटांचे कष्ट कमी केले, गाण्याचा स्वभाव तसाच ठेवला.

मी आता तेच करते. ‘सायलेंट नाइट’ अवघं १२ मापांचं आहे आणि तीन कॉर्डमध्ये बसतं, पण चाल सप्तकाच्याही वर चार सूर पसरते. सी मेजरमध्ये लिहिलं तर शेवटचा सूर मधल्या सीवर उतरतो आणि डाव्या हाताला अडतो. एफ मेजरमध्ये घेतलं की डाव्याला जागा मिळते. मग पूर्ण कॉर्ड एकदम दाबण्याऐवजी एकेक सूर सुटा द्यायचा, पाळणा हलवल्यासारखा. पहिल्या ओळीला फक्त दोन सूर, भरणा शेवटच्या ओळींना. काय गाळायचं हे ठरवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. एका मुलासाठी एक पान लिहायला माझी कधी कधी अख्खी संध्याकाळ जाते.

मिसनाही तेवढाच वेळ लागला असणार. चाळीस मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर माझ्या एकटीच्या पंजाचं माप डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी ते पान लिहिलं होतं.

मेळाव्याला मिस येणार आहेत असं कळलं. तो कागद आता मिळणार नाही. पण त्यातला डावा हात बोटांना अजून आठवतो. तेवढा मी पुन्हा लिहून काढला आहे, पेन्सिलनेच. हॉलमधला पियानो चालू असेल तर वाजवीन. नसेल तर कागद तरी मिसच्या हाती देईन आणि इतक्या वर्षांनी ‘थँक यू, मिस’ म्हणेन.