प्लॉट पडण्याआधी

रौप्यमहोत्सव म्हटला की पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला जातो. पहिली कमिटी, पहिली बोअर, पहिला गणपती. ते सगळं या अंकात आहेच. मला त्याच्या आधीचं सांगायचं आहे. आपण राहायला आलो तेव्हा "इथं काहीच नव्हतं", असं आपण मुलांना सर्रास सांगतो. इथं वावर होतं, आणि वावर आपोआप होत नाही.

सिंदी म्हणजे रानखजुराचं झाड, नाल्याकाठच्या ओलीत वाढणारं. आपल्या गावाच्या नावात ते अजून आहे. (सेलू तालुक्यातली सिंदी रेल्वे वेगळी. पाहुणे अजूनही कधी कधी तिकडेच उतरतात!)

आपल्या भागातले कास्तकार जमिनीला सरसकट 'काळी' म्हणत नसत. काळी, मोरांड, खर्डी, बर्डी अशी तिची प्रतवारी होती. खोल काळीत कापूस आणि ज्वारी, तर उथळ, खडकाळ बर्डीवर गवत आणि ढोरं. घरं बांधायची ती शक्यतो पांढरीवर, म्हणजे गावठाणात. यात व्यवहार होता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आपण घरं बांधली ती मात्र वावरात. पाया मुरूम लागेपर्यंत खोदा, असं मिस्त्री का म्हणत होते, ते भिंतीला तडे गेल्यावर काहींच्या लक्षात आलं.

वावरांच्या मधे धुरे होते. धुरा म्हणजे नुसती हद्द नव्हे. तिथं निंब, बाभूळ, बोर उभे राहत. सावली, जळण आणि वखराचं लाकूड तिथूनच मिळे. उताराला आडवा धुरा असला की वाहून जाणारी माती तिथं थबकायची. दोन बाजूंच्या वावरांमधून बैलबंडी जाण्यापुरती पांधण असे. पिढ्यान्‌पिढ्या चाकं फिरून पांधण खोल होई आणि पावसाळ्यात तीच नाला होई.

मोठी उलथापालथ झाली ती १८६०च्या दशकात. १८६२ साली नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी आलं आणि नवं वर्धा शहर आखलं गेलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे विलायतेतल्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि हिंगणघाटच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मग गाठी बांधायचे प्रेस आले, जिनिंग आलं. शेतात काय पेरायचं ते घरच्या कणगीपेक्षा बाजार ठरवू लागला. अलीकडे सोयाबीन आलं, तेही तसंच.

इंग्रजांनी इथं मालगुजारी पक्की केली. ती १९५१ मध्ये संपली आणि पडीत, चराई, नाले, रस्ते सरकारकडे आले. त्यावर गावाचे हक्क काय, हे निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवलं गेलं: ढोरं कुठं चरतील, वाट कुठून जाईल, पाणी कुठून घ्यायचं. १९६६च्या महसूल संहितेतही या दोन्ही नोंदी आहेत. आपल्याकडच्या सातबारावर सगळ्यांची नजर असते, या कागदांकडे मात्र कुणी बघत नाही.

नंतर वर्धा वाढत वाढत सिंदी, पिपरी, बोरगाव, सावंगी या मेघे गावांना येऊन भिडलं. शेती अकृषक झाली, ले-आउट पडले. नकाशावर सरळ रेघा मारल्या, धुरे सपाट झाले, पांधणी डांबराखाली गेल्या. बुजलं नाही ते उतार. पाणी अजून त्याच जुन्या वाटेनं येतं. म्हणून जोराच्या पावसात आपल्या मागच्या रांगेत गुडघाभर पाणी साचतं आणि दोष नगररचनेपासून शेजाऱ्याच्या कंपाउंडपर्यंत सगळ्यांना दिला जातो. पाण्याचा रस्ता अडवून आपण बसलो आहोत, हे कुणी बोलत नाही.

हे आत्ताच लिहायचं कारण आहे. येत्या आमसभेत दोन ठराव आहेत: खुल्या जागेत पूर्ण गट्टू लावायचे आणि मागची उघडी नाली बुजवून वर पार्किंग करायचं. गाड्यांना जागा हवी, चिखल नको, हे मलाही कळतं. पण ती 'नाली' जुन्या नाल्याचा उरलेला तुकडा आहे. खुल्या जागेतली विहीर आणि तिच्याजवळचा निंब वावराच्या काळातले आहेत. सगळीकडे गट्टू लावले तर विहिरीत पाणी मुरणार कुठून? माझं मत असं: गट्टू लावायचे तर फक्त चालण्याच्या पट्ट्यात लावा, विहिरीभोवतीची माती मोकळी ठेवा, आणि नालीला हात लावण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढून आपल्या ले-आउटच्या नकाशाशेजारी ठेवून बघा. खर्च थोडा आहे.

तो निंब कोणाच्या धुऱ्यावरचा, हे सांगणारे दोन-तीन म्हातारे कास्तकार जुन्या गावात अजून आहेत. त्यांना स्नेहसंमेलनाला बोलवायची जबाबदारी मी घेतो.