आजीला इंग्रजी कशाला?

मूल स्वमग्न असल्याचं निदान झालं की आईवडिलांना एक सल्ला बहुतेक वेळा मिळतोच: ‘घरात एकच भाषा बोला, दोन भाषांनी तो गोंधळतो.’ ती एक भाषा कोणती, हे वेगळं सांगावं लागत नाही. शाळा इंग्रजी, थेरपीची चित्रकार्डं इंग्रजी. मग घरातून निघायचं ते मराठीनंच. आजीसुद्धा नातवाला ‘सिट डाउन’ म्हणू लागते.

युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. ज्याला एक भाषा जड जाते, त्याच्यावर दुसरीचं ओझं कशाला? पण हा संशय स्वमग्नतेच्या निदानाहूनही जुना आहे. 1923 साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या मुलांच्या चाचण्या घेतल्या आणि द्विभाषिक मुलं बुद्धीत मागे असल्याचं सांगितलं. गंमत अशी, की तो फरक खेड्यांतल्या मुलांत दिसला होता, शहरांतल्या नव्हे. दोष भाषेचा की परिस्थितीचा, हे तिथंच विचारायला हवं होतं. पुढे 1962 मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमध्ये सामाजिक-आर्थिक स्तर सारखा ठेवून दहा वर्षांची मुलं तपासली, तर द्विभाषिक मुलंच सरस निघाली.

‘ती सर्वसाधारण मुलं; आमच्या मुलाचं वेगळं,’ असं यावर कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. त्याचंही उत्तर माँट्रियलहूनच आलं. हॅम्बली आणि फोम्बॉन यांनी 2012 साली 75 स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषा कानांवर पडणाऱ्या मुलांची भाषा एकभाषिक मुलांपेक्षा अधिक मागे पडलेली त्यांना आढळली नाही. नमुना लहान आहे आणि मराठी घरांतला नाही, हे कबूल. पण घरची बोली बंद करा असं सांगणाऱ्यानं त्याहून भक्कम पुरावा पुढे ठेवायला नको का?

आता या सल्ल्यापायी घरात काय होतं ते पाहा. स्वमग्न मुलाची मोठी अडचण असते ती माणसांशी देवाणघेवाण करण्याची. इंग्रजीची सवय नसलेली आई इंग्रजीत बोलायला लागली की मुळात कमी बोलते, आणि जे बोलते ते बहुतेक हुकूम: कम, ईट, नो, वॉश हँड्स. ‘अरे लबाडा, पोळीचे काठ तेवढे ठेवलेस होय!’ हे तिला इंग्रजीत सुचत नाही. चिडवणं, लाडीगोडी, भाजी निवडताना चाललेली बडबड, सगळं आटतं. ताई आणि बाबा जेवताना मराठीत हसतात-भांडतात, त्याच्याकडे वळले की भाषा बदलते. घोळक्यात शिरणं ज्याला आधीच अवघड, त्याला घरच्यांनीच बाहेर उभं केलं. शिवाय रिक्षावाले काका, भाजीवाली मावशी, शेजारच्या काकू त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलणार?

‘पण तो स्वतःहून इंग्रजीच बोलतो, यूट्यूबवरून उचललंय,’ असंही अनेक पालक सांगतात, आणि ते खरं असतं. ती इंग्रजी त्याची आहे. त्यानं ‘वॉटर’ म्हटलं की पाणी द्यावंच. मात्र मराठी घरात वावरत असताना त्यानं इंग्रजी उचलली, याचा अर्थच असा की दोन भाषांनी त्याची वाट अडवलेली नाही. न बोलणाऱ्या मुलांचीही सोय आहे: चित्रांवर बोट ठेवून बोलण्यासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मराठीतही चालतं.

ज्या घराची भाषा खरोखरच इंग्रजी आहे, त्यांनी मराठीचा अट्टहास करू नये. तिथंही न्याय तोच. बाकीच्यांनी आपल्या थेरपिस्टकडे एवढंच मागावं: चित्रकार्डांच्या मागे मराठी शब्द लिहून द्या, आणि घरी करायच्या गोष्टी आम्हाला मराठीतून करून दाखवा.