ओंडक्यांची घरे आणि एक दंतवैद्य

मुलाकडे नॉर्वेला गेलो होतो तेव्हा एक दिवस रेल्वेने लिलेहामरला जाऊन आलो. तिथे मायहाउगेन नावाचे मोकळ्या माळावरचे संग्रहालय आहे. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण राजवाडे सोडून शेतकऱ्याचे घर इतक्या आदराने जपलेले मी प्रथमच पाहिले.

यामागची गोष्ट मोठी गमतीची. आंडर्स सान्डविग हा क्षयाने आजारी असलेला तरुण दंतवैद्य १८८५ मध्ये या गावी आला. बरा झाला आणि दात काढत गुडब्रान्सडाल खोऱ्यात हिंडू लागला. लोक जुनी घरे पाडून नवी बांधत होते. हा ती विकत घेऊन आपल्या बागेत उभी करू लागला! बाग पुरेना, तेव्हा १९०४ मध्ये मायहाउगेन सुरू झाले.

तिथली ब्योर्नस्टाड ही शेतवाडी पाहण्यासारखी आहे. एकच मोठा वाडा नव्हे, तर वीसहून अधिक लहानमोठ्या इमारती. माणसांचे अंगण वेगळे, गुरांचे वेगळे. धान्याचे कोठार उंदीर आणि ओल लागू नये म्हणून जमिनीपासून उचललेले. छपरावर भूर्जाच्या सालीचे थर आणि त्यावर गवतासकट माती. भिंती म्हणजे आडवे रचलेले पाइनचे ओंडके. कोपऱ्यावर खाचा पाडून ते एकमेकांत बसवलेले, फटींत शेवाळ. खिळ्यांवाचून उभे असल्यामुळे असे घर सुटे करता येते. प्रत्येक ओंडक्यावर खूण करायची, दुसरीकडे नेऊन त्याच क्रमाने रचायचे, की घर पुन्हा उभे!

हे ऐकताना मला आमचा गावचा वाडा आठवला. १९७८ साली आम्ही भावंडांनी तो विकला. सह्या करणाऱ्यांत मीही होतो. घेणाऱ्याला जागा हवी होती, म्हणून सागवानी तुळया, खांब, कोरीव चौकट असे सगळे उतरवून वखारीत गेले. मी अंगणात उभा राहून मोजदाद लिहून घेत होतो. किती घनफूट, काय भाव.

आमचाही वाडा सुटाच केला होता. फक्त लाकडांवर खुणा करायचे कोणाला सुचले नाही. मलासुद्धा नाही, आणि मी तर इतिहासाचा मास्तर!

असो. तुमच्या गावी जुने घर अजून उभे असेल, तर निदान एकदा त्याचा नकाशा काढून ठेवा. कुठली खोली कुठे होती, एवढे तरी.