बोरघाट : मोजलेले बोगदे, न मोजलेली माणसे

मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटाची कथा आपण बहुधा अभियांत्रिकीचा पराक्रम म्हणून वाचतो. जानेवारी १८५६ मध्ये आरंभलेले काम एप्रिल १८६३ मध्ये पुरे झाले. १८६१ च्या सुमारास तेथे ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. कड्यावर पाय टेकायला जागा नसे, तेथे मजुरांना दोरखंडाने खाली सोडून सुरुंगाची भोके पाडून घेत. पटकीच्या साथींनी छावण्यांत बळी घेतले ते वेगळेच. मृतांचा आकडा २५ हजारांपर्यंत सांगितला जातो. पण तो उत्तरकालीन अंदाज होय. १८५९ मध्ये वारलेल्या ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेलचे आणि काम तडीस नेणाऱ्या त्याच्या पत्नीचे, ॲलिसचे, नाव मात्र इतिहासाने जपले.

‘तो काळच तसा होता’ हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. इंग्लंडमधील वुडहेड बोगद्यात ३२ मजूर दगावले, तेव्हा एडविन चॅडविक यांनी तेथील हानीचे प्रमाण रणांगणावरील हानीशी ताडून दाखविले. १८४६ मध्ये संसदीय समितीने अपघातांचे दायित्व रेल्वे कंपन्यांवर टाकण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. म्हणजे बोरघाटाच्या दहा वर्षे आधी धोका ठाऊक होता, मोजलाही गेला होता. भारतात बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला तो १९९६ मध्ये.

ज्याच्या मरणाची नोंद होत नाही, त्याच्या रक्षणाचा खर्चही कोणी मांडत नाही. घाटातले २५ बोगदे मोजताना ही दुसरी मोजणी कोणी टाळली, हे आपण विचारले पाहिजे.