होम थिएटर रिसीव्हरमधून रेकॉर्डिंग कसे करतात?

डीव्हीडी प्लेयर, सेट-टॉप बॉक्स, रेकॉर्ड प्लेयर, कॅसेट डेक, जुना व्हीसीआर अशी घरातील उपकरणे एकाच ठिकाणी जोडून त्यांचा आवाज स्पीकरकडे आणि चित्र टीव्हीकडे पाठवणारे यंत्र म्हणजे होम थिएटर रिसीव्हर. सगळ्या वायर इथेच येत असल्याने रेकॉर्डिंगही इथूनच करता येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. लग्नाची व्हीएचएस कॅसेट किंवा आजोबांच्या आवाजाची ऑडिओ कॅसेट संगणकावर उतरवायची असेल, तर ही सोय खरोखर उपयोगी पडते. मात्र एका उपकरणाचा आवाज नीट उतरतो, तर दुसऱ्याची फाइल पूर्ण मुकी निघते. असे का होते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

रेकॉर्डिंगची जागा कोणती?

अनेक रिसीव्हरच्या मागच्या बाजूला 'टेप आउट', 'रेक आउट' किंवा 'व्हीसीआर आउट' असे लिहिलेली सॉकेट असतात. लाल आणि पांढरे सॉकेट आवाजासाठी, तर पिवळे चित्रासाठी असते. रिसीव्हरवर जे उपकरण निवडलेले असेल, त्याचा सिग्नल इथे मिळतो. हा सिग्नल स्पीकरसाठी मोठा केलेला नसतो. त्याची पातळी साधारणपणे 0.3 ते 2 व्होल्ट असते आणि आवाजाचे बटण फिरवून ती बदलत नाही. त्यामुळे स्पीकर बंद ठेवूनही रेकॉर्डिंग होऊ शकते. स्पीकरच्या वायर मात्र रेकॉर्डरला कधीही जोडू नयेत. त्यातील जास्त व्होल्टेजमुळे रेकॉर्डर खराब होऊ शकतो.

फाइल मुकी का निघते?

बहुतेक रिसीव्हर 'टेप आउट'वर फक्त ॲनालॉग सिग्नल पाठवतात. ऑप्टिकल, कोॲक्सियल किंवा एचडीएमआय केबलने आलेला डिजिटल आवाज स्पीकरवर ऐकू येतो, पण 'टेप आउट'पर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी त्या उपकरणाचे लाल-पांढरे आउटपुटही रिसीव्हरला जोडावे आणि रेकॉर्डिंग करताना रिसीव्हरवर ॲनालॉग इनपुट निवडावे.

चित्राचेही तसेच आहे. पिवळ्या केबलने आलेले चित्र पिवळ्या सॉकेटमधूनच बाहेर जाते आणि एस-व्हिडिओने आलेले एस-व्हिडिओतूनच. एचडीएमआयवरील चित्रपटांना बहुधा एचडीसीपी हे कूटबद्ध संरक्षण असते, त्यामुळे रेकॉर्डर ते नाकारतो. ब्लू-रेच्या परवाना नियमांनुसार 31 डिसेंबर 2013 नंतर बनलेल्या प्लेयरमधून संरक्षित डिस्कचे चित्र ॲनालॉग आउटपुटवर देता येत नाही. भारतात असे संरक्षण तोडण्याबाबत कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65अ आहे. म्हणून ही पद्धत मुख्यतः घरगुती, जुन्या रेकॉर्डिंगसाठी योग्य आहे.

ऑडिओ कॅसेट उतरवताना

कॅसेट डेकचा आवाज रिसीव्हरमध्ये आणि 'टेप आउट'चा आवाज यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या लाइन-इनमध्ये द्यावा. लॅपटॉपचे माइकचे सॉकेट टाळावे, कारण ते अधिक संवेदनशील असते आणि आवाज फाटतो. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे 635 एमबी जागा घेते. रेकॉर्ड प्लेयर असल्यास तो 'फोनो' इनपुटलाच जोडावा. तिथे रेकॉर्डसाठी लागणारी आवाजाची दुरुस्ती आधीच होते.

व्हीएचएस कॅसेट उतरवताना

इथे 'व्हीसीआर आउट'ला यूएसबी कॅप्चर उपकरण लागते. चित्र आणि आवाज दोन्ही याच उपकरणातून घ्यावेत, म्हणजे ओठ आणि शब्द मागेपुढे होत नाहीत. भारतातील कॅसेट पाल पद्धतीच्या असतात, म्हणून सेटिंग 720×576 आणि सेकंदाला 25 फ्रेम असे ठेवावे. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट बहुधा एनटीएससी असते. तिला ती पद्धत चालवणारा व्हीसीआर हवा. रिसीव्हरवर 'व्हीसीआर आउट' नसेल, तर व्हीसीआर थेट कॅप्चर उपकरणाला जोडावा.

घ्यायची काळजी

- रेकॉर्डरचे आउटपुट रिसीव्हरला जोडलेले असेल, तर रेकॉर्डिंग चालू असताना तेच इनपुट निवडू नये. सिग्नल गोल फिरून कर्कश शिट्टी येऊ शकते.
- आधी कमी महत्त्वाच्या कॅसेटवर पाच मिनिटांची चाचणी घ्यावी आणि फाइल ऐकून-पाहून खात्री करावी.
- दमट हवेत कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी येते. अशी कॅसेट साफ केल्याशिवाय चालवू नये, अन्यथा फीत आणि व्हीसीआरचे हेड दोन्ही खराब होऊ शकतात.
- तयार फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, 2016 मध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतील व्हीसीआर मिळणे दरवर्षी कठीण होत आहे आणि फितीही जुन्या होत आहेत. म्हणून सर्वांत मोलाची कॅसेट चाचणी झाल्यावर लगेच उतरवून घेणे चांगले.