संगीत नाटक घरोघरी कसे पोचले



संगीत नाटक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईची नाट्यगृहे येतात, शालू नेसलेले बालगंधर्व येतात, पहाटेपर्यंत रंगलेली बैठक येते. हे चित्र खोटे नाही, पण ते शहरातल्या माणसाचे आहे. आमच्या खेड्यांतील फार मोठ्या समाजाने ही नाटके पाहण्याआधी ऐकली. आधी तबकडीवर, मग रेडिओवर. डोळ्यांनी पाहिली ती पुढे कितीतरी वर्षांनी, दूरदर्शनच्या पडद्यावर. रंगमंचावरचे गाणे असे यंत्रायंत्रांतून घरोघरी पोचले, तेव्हा त्यात आपल्या पदरात काय पडले आणि हातचे काय गेले, याचा थोडा हिशेब आज मांडू या.

आरंभ सर्वांना ठाऊक आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि पात्रांनी स्वतः पदे गाण्याची चाल पडली. १८८२ साली त्यांचेच 'सौभद्र' आले. त्यात शंभराहून अधिक पदे! आता तुम्ही म्हणाल, एवढी पदे ऐकायला लोकांना वेळ कुठून मिळे? अहो, लोक त्यासाठीच येत. कथा तर घरच्या पोथीतली. सुभद्रेचे लग्न अखेर कोणाशी होणार, हे पोरासोरांनाही ठाऊक. उत्सुकता असे ती ते पद आज कसे गायले जाते याची.

या नाटकांनी एक मोठे काम केले, त्याची आठवण आपण फारशी ठेवत नाही. शास्त्रीय गाणे त्या काळी दरबारात आणि घराण्यांत कोंडलेले होते. एखादी चीज मिळवायला शिष्याने वर्षानुवर्षे गुरूच्या घरी पाणी भरावे आणि तरीही ती मिळेलच असे नाही. १९११ साली खाडिलकरांचे 'मानापमान' आले, त्याला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. १९१६ साली 'स्वयंवर' आले, त्याला भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाचे संगीत लाभले. मैफलीत पाऊल टाकण्याची ज्याची ऐपत नव्हती, त्या कारकुनाच्या आणि दुकानदाराच्या कानांवर तिकिटाच्या पैशात रागदारी पडू लागली. रागाचे नाव त्याला सांगता येत नसेल, पण तो राग तो गुणगुणू लागला.

विदर्भाचा या इतिहासाशी दूरचा संबंध आहे असे समजू नका. राम गणेश गडकरी यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी देह ठेवला तो आपल्या नागपूर जिल्ह्यात, सावनेरला. त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते त्यानंतर, त्याच वर्षी. सिंधूची पदे महाराष्ट्रभर गाजली. ती ऐकायला गडकरी मात्र उरले नव्हते.

आता यंत्रांकडे वळू. पहिले यंत्र ग्रामोफोन. त्याने गाणे नाटक मंडळीच्या बिऱ्हाडातून सोडवले आणि गावच्या पाटलाच्या ओसरीवर आणून ठेवले. पण तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आत संपे. रंगमंचावर जे पद अर्धा अर्धा तास फुलत असे, ते त्या साडेतीन मिनिटांत बसवावे लागे. आलाप आखडला, तान निवडक झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पद नाटकातून सुटे झाले. रुक्मिणी ते कोणाला उद्देशून म्हणते, कोणत्या प्रसंगी म्हणते, हे तबकडीला सांगता येईना.

दुसरे यंत्र बोलपट. १९३१ साली 'आलम आरा' निघाला, १९३२ साली मराठीत 'अयोध्येचा राजा' आला आणि पाहता पाहता नाटक मंडळ्यांचे तंबू उठू लागले. स्वस्त तिकिटात दर आठवड्याला नवे चित्र आणि नवी गाणी मिळू लागल्यावर पन्नास-पाऊणशे माणसांचे बिऱ्हाड पोसणारी कंपनी टिकावी कशी?

तिसरे यंत्र आपले रेडिओचे. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. मराठी केंद्रांनी नाट्यसंगीताला हक्काची जागा दिली, मंडळ्या मोडल्यावर उघडे पडलेले गाणे जतन केले, हे ऋण मोठे आहे. पण आकाशवाणीच्याच पुस्तिकेत लिहायचे, तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४० सालापासून रेडिओवर पेटीला मज्जाव होता. पेटीचे स्वर ठरीव, त्यांत आपल्या संगीताच्या श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप होता. ती बंदी १९७० नंतर हळूहळू सैल झाली. गंमत बघा, ज्या नाट्यसंगीताचा श्वास पेटी आणि ऑर्गनच्या भात्यातून चालला, ज्याचे एक थोर संगीतकार गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक, त्याच नाट्यसंगीताला सरकारी दारात पेटी बाहेर ठेवून यावे लागले!

आणि चौथे यंत्र दूरदर्शन. दिल्लीस ते १९५९ साली आले, मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९८० नंतरच्या दशकात प्रक्षेपक वाढले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत चित्र दिसू लागले. गावात एखाद्याच घरी संच असे आणि साऱ्या आळीची माणसे त्याच्यापुढे बसत. मुंबई केंद्राने नाटके आणि नाट्यगीते दाखवली, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा उमगले की नाट्यगीत गाणारा माणूस नुसता गात नाही, तो गाता गाता कोणाशी तरी बोलत असतो. परदेशातही असेच घडले. १९५७ साली अमेरिकेत 'सिंड्रेला' हे संगीत नाटक खास दूरचित्रवाणीसाठी रचून थेट प्रक्षेपित केले, तेव्हा एका रात्रीत दहा कोटींहून अधिक माणसांनी ते पाहिले. कोणत्याही नाट्यगृहाला शंभर वर्षांतही एवढी माणसे बसवता आली नसती.

या साऱ्या प्रवासाचा अर्थ एका नाटकात सापडतो आणि ते नाटक आपल्याच माणसांचे आहे. 'कट्यार काळजात घुसली'. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, नागपूरचे. सारे नागपूर त्यांना दारव्हेकर मास्तर म्हणून ओळखे. येथे त्यांनी रंजन कला मंदिर ही संस्था काढून नाटकवेड्यांची एक पिढी घडवली. त्यातील खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, १९२० सालचा जन्म. त्यांचे संगीताचे पहिले धडे नागपुरास शंकरराव सप्रे यांच्या विद्यालयात झाले. पुढे कितीतरी वर्षे त्यांनी लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली. त्या गळ्याला राजमान्यता मिळाली ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २४ डिसेंबर १९६७ रोजी हे नाटक रंगमंचावर आल्यावर. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे.

नाटकाचा विषय काय? विद्या कोणाच्या मालकीची, हा. खाँसाहेब आपले गाणे घराण्याबाहेर जाऊ देत नाहीत. सदाशिव नावाचा एक मुलगा ते चोरून ऐकतो आणि तेवढ्यासाठी जिवावर उदार होतो. थोडा विचार करा. रेडिओच्या आणि दूरदर्शनच्या संचापुढे बसलेला खेड्यातला पोर हा सदाशिवच नव्हे काय? त्याला कोणी गुरूने घरात घेतले नव्हते. तो दाराबाहेर उभा होता आणि यंत्राने दाराला एक फट पाडली. फरक एवढाच, की सदाशिवाला मानेवर कट्यार येण्याचे भय होते आणि आपल्या पोराला फक्त वीज जाण्याचे!

पुढचा इतिहास ताजा आहे. २००८-०९ साली झी मराठी वाहिनीवर 'सारेगमप लिटल चॅम्प्स' झाले, त्यात लहान मुले नाट्यपदे गाऊ लागली आणि आजी-आजोबांचे गाणे नातवंडांच्या तोंडी बसले. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी 'कट्यार'वर सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट आला. ज्यांनी नाटक कधीच पाहिले नव्हते, त्या तरुणांनी चित्रगृहे भरली. खाँसाहेबांची गाणी गायली वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे यांना त्यातील गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग हातचे गेले काय? माझ्या मते दोन गोष्टी. एक, वेळ. प्रत्येक यंत्राने गाणे कापले. तबकडीने साडेतीन मिनिटे दिली, स्पर्धेच्या कार्यक्रमात तेवढीही मिळतात न मिळतात. दुसरी, 'वन्स मोअर'. ही नुसती हौस नव्हती, तो श्रोत्याचा अधिकार होता. प्रेक्षकांनी मागितले की गायक तेच पद पुन्हा गाई आणि दुसऱ्या खेपेस ते वेगळे होई, कधी पहिल्याहून सरस होई. म्हणजे त्या गाण्यात श्रोत्याचा वाटा असे. पडद्यावरचे गाणे तुम्ही शंभर वेळा लावा, शंभर वेळा ते अक्षरशः तेच असते. तुम्ही दाद दिली काय अन् नाही दिली काय, त्याला कळत नाही.

हा श्रोत्याचा वाटा अजून जिवंत आहे तो आपल्या पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत. धान निघाले, दिवाळी झाली, मंडई भरू लागली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात. पेटी, तबला, गाणी आणि रात्रभर चालणारा खेळ. तिकीट काढून आलेले गावकरी तिथे मोकळेपणाने दाद देतात, रुसतात, पुन्हा गा म्हणून सांगतात. दूरदर्शन आले, वाहिन्या आल्या, हातोहाती फोन आले, तरी हे नाटक मोडले नाही. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांतल्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी कुठे आहे हे शोधावे लागले.

तेव्हा यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही. त्यानेच तर आपल्याला दार उघडून दिले. पण उघड्या दारातून आत जायचे की उंबऱ्यावरच बसून राहायचे, हे आपल्या हाती आहे. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सुचवतो. वर्गात एखादे नाट्यपद ऐकवाल, तेव्हा ते कोण म्हणते आहे, कोणाला म्हणते आहे आणि का म्हणते आहे, हे मुलांना आधी सांगा. मग जमल्यास त्या प्रसंगातले दोन संवाद मुलांकडून म्हणवून घ्या आणि पद एखाद्या मुलीला साध्या गळ्याने, पेटी असेल तर पेटीवर, गाऊ द्या. ते बेसूर झाले तरी बिघडत नाही. वर्गातल्या मुलांनी "पुन्हा म्हण" म्हटले, की समजा, नाटक सुरू झाले.