कुलाब्याची चुंबकसूची आणि विजेची ट्राम

मोजणे हे काम दिसावयास सोपे असते. वाण्याने तराजू उचलला, काटा मध्यावर आला, की माप झाले. काट्यास वाऱ्याचा झोत लागला आहे काय, वजने झिजली आहेत काय, हा विचार गिऱ्हाईक क्वचितच करते. पदार्थविज्ञानात मात्र हा विचार म्हणजे मापाचा अर्धा भाग होय. आकडा किती आला आणि त्यावर कितपत विसंबावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तेथे माप पुरे होत नाही. मुंबई शहरात या तत्त्वाची कसोटी विसाव्या शतकाच्या आरंभी लागली, आणि तिला निमित्त झाली ती विजेची ट्राम.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. आकाशस्थ ज्योतींचे वेध घेऊन बंदरातील जहाजांस बिनचूक वेळ पुरविणे, हा तिचा मूळ हेतू. १८४१ पासून एल्फिन्स्टन विद्यालयातील अध्यापक आर्लिबार यांच्या देखरेखीखाली तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेण्यास आरंभ झाला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. अलिबागजवळील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे गणिती म्हणून कीर्ती पावलेले केरूनाना, कोवळ्या वयातच तेथे साहाय्यक म्हणून रुजू झाले होते.

पृथ्वीचे चुंबकीय बल मोजावयाचे कसे? पूर्वी एकच सूची गावोगाव नेऊन तिचे झोके मोजीत. जेथे झोके जलद, तेथे बल अधिक. पण या रीतीत एक मोठी खोट होती. सूचीचे स्वतःचे चुंबकत्व काळाने क्षीण होते. दहा वर्षांनी झोके मंदावले, तर पृथ्वी दुबळी झाली की सूची, हे कोणी सांगावे? गटिंगेनचा गणिती गाउस याने १८३२ साली ही अडचण दूर केली. त्याने प्रथम चुंबक दोऱ्यास टांगून त्याच्या झोक्यांचा काळ मोजला. त्यावरून चुंबकाची शक्ती आणि पृथ्वीचे बल यांचा गुणाकार मिळाला. मग त्याच चुंबकाने, ठरावीक अंतरावरून, दुसरी सूची किती वळते हे पाहिले. त्यावरून त्याच दोहोंचा भागाकार मिळाला. गुणाकार व भागाकार दोन्ही हाती आल्यावर चुंबकाची शक्ती गणितातून निघून जाते, आणि पृथ्वीचे बल केवळ लांबी, वजन व काळ यांच्या परिमाणांत उरते.

तथापि परिमाणे सर्वत्र एक नव्हती. इंग्रजी वेधशाळा फूट, ग्रेन व सेकंद वापरीत. गाउस मिलिमीटर, मिलिग्रॅम व सेकंद वापरी. कुलाब्याचे क्षितिजसमांतर बल इंग्रजी परिमाणात सुमारे ८, गाउसच्या परिमाणात सुमारे ३·७, आणि पुढे रूढ झालेल्या ‘गॅमा’ या सूक्ष्म परिमाणात सुमारे ३७ हजार. बल एकच, आकडे तीन! परिमाण न सांगता दिलेला आकडा शास्त्रात निरर्थक ठरतो तो याचमुळे.

परिमाण ठरले तरी प्रमाद उरतातच. दोऱ्याचा पीळ सूचीस ओढतो, उष्णतेने चुंबक क्षीण होतो, आणि वेध घेणाऱ्याच्या खिशातील लोखंडी किल्लीही घात करू शकते. यांतील काही प्रमाद कधी इकडे, कधी तिकडे झुकतात. पुष्कळ वेध घेऊन सरासरी काढली म्हणजे ते एकमेकांस खाऊन टाकतात. परंतु जो प्रमाद नेहमी एकाच बाजूस झुकतो, तो हजार वेधांच्या सरासरीनेही जात नाही. त्याचे कारणच शोधून दूर करावे लागते.

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून धावत होती. तिच्यापासून सूचीस विशेष भय नव्हते. पण नवे शतक उजाडताच ट्राम विजेवर चालविण्याचा बेत पुढे आला. विजेच्या ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांवाटे परत जातो. त्यातील काही भाग रुळांतून जमिनीत झिरपतो, आणि जेथे प्रवाह तेथे चुंबकत्व हे ठरलेलेच. शिवाय सूर्यामुळे पृथ्वीच्या बलात दररोज दिवसा एक लहानसा चढउतार होतो, आणि ट्रामही मुख्यतः दिवसाच धावणार. तेव्हा सूचीच्या हालचालीत सूर्याचा वाटा कोणता आणि ट्रामचा कोणता, याचा निवाडा केवळ सरासरीने होणे कठीण. शहराची सोय अडवून धरणे शक्य नव्हते. आणि साठ वर्षांची अखंड नोंद बिघडू देणे म्हणजे पुन्हा कधीही न मिळणारे धन गमावणे होते.

१८९६ साली नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे प्रमुख झाले होते. या पदावर येणारे ते पहिले हिंदी शास्त्रज्ञ. त्यांच्या कारकिर्दीत चुंबकीय वेध अलिबागेस हलविण्याचे ठरले. समुद्रापलीकडे, मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरांवर, जेथे ट्राम नाही असे हे ठिकाण. परंतु तेथील इमारतीचा दगडही निवडावा लागला. कोकणातल्या काळ्या पाषाणात लोहचुंबकी खनिज असते; तो भिंतीत घातला तर भिंतच सूचीस ओढावयाची. म्हणून पोरबंदरी दगड आणविला, आणि तोही पारखून घेतला.

यापुढचे काम सर्वांत महत्त्वाचे. अलिबागचे बल कुलाब्याच्या बलाइतकेच नाही. नुसते कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केले असते, तर जुन्या आणि नव्या नोंदींत एक पायरी पडली असती, आणि ती पायरी जागेची की पृथ्वीतील बदलाची, हे कोणासही सांगता आले नसते. एका दिवसाची तुलना येथे उपयोगी नव्हती, कारण त्या एका दिवसाचा प्रमाद साऱ्या भावी नोंदींत कायमचा शिरला असता. म्हणून १९०४ पासून १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध चालू ठेविले. उन्हाळा, पावसाळा, शांत दिवस आणि खवळलेले दिवस, सर्वांचा ताळा घेतला गेला. त्यानंतरच कुलाब्याची चुंबकसूची निवृत्त झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली, आणि कालांतराने गिरगाव, परळ, दादर येथील लोकांच्या ती अंगवळणी पडली. तिच्यासाठी एक वेधशाळा समुद्रापार गेली, हे तिकीट काढणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल? १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांचा साक्षेपी विचार दोन खंडांत प्रसिद्ध केला.

या नोंदींचे मोल पुढे फार वाढले. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील प्रचंड स्फोटानंतर पृथ्वीवर महान चुंबकीय वादळ झाले. कुलाब्यास यंत्राजवळ बसून डोळ्यांनी घेतलेल्या वेधांत बल सुमारे १,६०० गॅमांनी घसरल्याचे नोंदले गेले. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या जुन्या पानांवरून वादळाचे सामर्थ्य अजमाविले. ही घसरण अल्पकाळची होती. तासाची सरासरी घेतली तर आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. कोणता आकडा धरावा, यावर वाद झाला. पण वाद करण्याजोगे काही उरले, ते वेधकर्त्याने क्षणाक्षणाचे वेध वेळेसह लिहून ठेविले म्हणूनच.

ट्राम १९६४ साली मुंबईतून गेली. अलिबागेत सूचीचा वेध आजही चालू आहे. त्या दोन वर्षांच्या दुहेरी श्रमाने जुन्या आकड्यांचा हात नव्या आकड्यांच्या हाती दिला. आपल्या मापात शंका कोठे आहे हे जाणणे, आणि ती दूर करण्यास लागेल तितका वेळ देणे, यातच मोजणाऱ्याचा प्रामाणिकपणा असतो.